काळ्या मातीत कुठला टायर?

प्रश्न: दादा, माझी 29 इंची एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) आहे, टायर कंपनीचेच, 2.25 इंच रुंदीचे. रविवारी आम्ही मित्र सिमरोल, चोरल नाहीतर पातालपानीकडे निघतो. मावठा (हिवाळ्यातला पाऊस) झाल्यावर शेताकडच्या कच्च्या रस्त्याला वळलो तर इतकी माती चिकटली की चाकच फिरेना, सायकल उचलून आणली. व्हिडिओत इंग्लंडचे लोक हिवाळ्यात खास मड टायर लावतात, तसे मागवू का? की सरळ 2.4 चे रुंद घेऊ?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर: भाऊ, 2.4 नका घेऊ, हे आधीच सांगतो. तुमचं चाक अडलं ते ग्रिप कमी पडली म्हणून नाही, जागा कमी पडली म्हणून. टायर आणि फ्रेमच्या मधे माती भरली की सगळं जाम, आणि टायर रुंद केला की ती जागा अजूनच कमी होते. मागच्या चाकाजवळ, जिथे फ्रेमच्या दोन्ही नळ्या आत येतात ना, तिथे बोट घालून बघा, दोन्ही बाजूंनी आणि वरून बोट आरामात फिरायला पाहिजे. नाही फिरलं तर मागे 2.1 किंवा 2.2 लावा, पुढे फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत) बहुतेक जास्त जागा असते तर 2.25 राहू द्या.

आता इंग्लंडचं. तिकडे हिवाळाभर जमीन वाळतच नाही, वर पातळ चिखल आणि खाली घट्ट जमीन, दगड, झाडांची मुळं, म्हणून त्यांच्या मड टायरची बटणं, म्हणजे टायरवरचे रबरी उंचवटे, उंच, टोकदार आणि एकमेकांपासून लांब असतात, ती वरचा चिखल कापून खालच्या थराला धरतात आणि चाक फिरताना मधली माती झटकून जाते. आपल्या माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगणारी, चिकण, शेताच्या कडेला ती इतकी खोल असते की बटणांना खाली धरायला काही मिळतच नाही! पार पाणी-पाणी असली तर कसंबसं निघून जाता येतं पण पाऊस थांबून अर्धवट वाळायला लागली की मळलेल्या कणकेसारखी होते आणि त्या अवस्थेत जगातला कुठलाच टायर चालत नाही, मॅक्सिस शॉर्टी लावा की श्वाल्बे मॅजिक मेरी. शिवाय हे दोन्ही टायर जोरात उतार उतरणाऱ्यांसाठी बनलेले, वजनदार, सिमरोलपर्यंत डांबरावर ओढताना जीव जाईल आणि मऊ रबर झिजेल ते वेगळंच.

पण चोरल, पातालपानीकडे विंध्याची धार लागते, तिथे मुरूम आहे, बेसाल्टचा दगड आहे, पाणी लवकर निघून जातं, तिथे टायरने खरंच फरक पडतो. तर माझं मत असं, पुढे मध्यम उंच आणि मोकळ्या बटणांचा टायर लावा, कडेची बटणं दणकट बघून, कारण पुढचं चाक घसरलं की माणूस पडतोच, मागचं घसरलं तर सावरता येतं. मागे थोडा कमी उंच चालेल. मॅक्सिसच्या आयकॉनसारखा बारीक दाट बटणांचा टायर कोरड्यात मस्त पळतो, चिखलात लगेच भरून गुळगुळीत होतो. विकत घेताना टायरच्या बाजूला छापलेला नंबर बघा, 57-622 असं काही असतं, पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमच्या व्यासाचा. 29 ला 622, 27.5 ला 584, 26 ला 559. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. बाण असेल तर त्याच दिशेने बसवून घ्या, घाईत उलटा बसवतात.

हवा रोजच्यापेक्षा 2-3 पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) कमी ठेवा, बस. ट्यूब असेल तर त्याहून खाली जाऊ नका, दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चेपते आणि एकदम दोन भोकं पडतात. रिम ट्यूबलेसला चालणारी असेल तर तेच करून घ्या, सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) टाकून, मग हवा अजून कमी ठेवता येते.

आणि एक मनापासून विनंती, मावठ्यानंतर दोन-तीन दिवस काळ्या मातीच्या वाटेवर जाऊच नका. चाकाने पडलेल्या खोल चाऱ्या तशाच वाळून दगड होतात आणि त्याच वाटेने शेतकऱ्याला गव्हाला पाणी द्यायला रात्री जायचं असतं.

प्रश्न: मुलाची 26 इंची जुनी सायकल आहे, वी-ब्रेकची (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेक). पावसाळ्यात ब्रेकमध्येच माती अडकते. टायर बदलून फायदा होईल का?
— एक वाचिका, टिळकनगर, इंदूर

उत्तर: थोडा होईल ताई. वी-ब्रेक टायरच्या अगदी जवळ असतात त्यामुळे 1.95 चा मोकळ्या बटणांचा टायर बसवा आणि मडगार्ड चिखलात जाताना काढून ठेवा, माती सगळ्यात आधी तिथेच भरते. अडकलंच तर ब्रेकची केबल वरून हाताने मोकळी करता येते, मुलाला शिकवून ठेवा, काडीने माती काढायची आणि केबल परत लावून ब्रेक दाबून बघायचा, मगच निघायचं. घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवा, प्रेशरचा पाइप हब आणि पेडलच्या बेअरिंगवर नको, ग्रीस निघून जातं.