दहा मिनिटांत गोदाम कसे दाखवावे?

घणसोलीहून आलेले पत्र थोडक्यात असे आहे: "मी रसायनशास्त्रात बीएस्सी करून औद्योगिक सुरक्षेची एक वर्षाची पदविका घेतली आहे. वडील वाशीच्या मसाला मार्केटमध्ये माथाडी होते, आता निवृत्त झाले आहेत. तळोजा येथील एका मोठ्या गोदामात कनिष्ठ सुरक्षा अधिकाऱ्याच्या जागेसाठी मला मुलाखतीस बोलावले असून 'गोदामातील सुरक्षितता' या विषयावर दहा मिनिटांचे सादरीकरण करण्यास सांगितले आहे. मी तेहतीस स्लाइड तयार केल्या आहेत, त्या सोबत जोडते. काय कमी पडते आहे? बोलावे मराठीत की इंग्रजीत? आणि अनुभव केवळ सहा महिन्यांच्या ट्रेनिंगचा आहे, त्याचे काय करावे?"

तुमच्या तेहतीसही स्लाइड मी पाहिल्या. कमी काहीच पडत नाही. अडचण आहे ती भाराभर मजकुराची. पहिल्या सहा स्लाइड सुरक्षेच्या व्याख्येवर आणि ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनावर खर्च झाल्या आहेत. ज्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या स्थापनेची (१९६६) आठवण म्हणून हा दिवस पाळला जातो, तिचे मुख्यालय बेलापूरलाच आहे, तेव्हा तळोज्यात मुलाखत घेणाऱ्यांना ही माहिती नवी असण्याची शक्यता कमीच. पुढच्या नऊ स्लाइड १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलमांच्या आहेत आणि त्यानंतरच्या अकरा हेल्मेट, बूट, जॅकेट व हातमोजे यांच्या. प्रत्यक्ष गोदाम सत्ताविसाव्या स्लाइडवर उगवते, आणि तोवर तुमची दहा मिनिटे संपून गेलेली असतील.

कायद्याचे आधी सांगतो, कारण तेथे चूकही आहे. ज्या ठिकाणी माल फक्त साठवला जातो आणि त्यावर पॅकिंगसारखी कोणतीही प्रक्रिया होत नाही, ते ठिकाण जुन्या कायद्याच्या व्याख्येनुसार कारखाना ठरतेच असे नाही. शिवाय व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली असून फॅक्टरी अ‍ॅक्टसह तेरा कायदे तिच्यात सामावले गेले आहेत. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापना तिच्या कक्षेत येतात, म्हणजे गोदामही येते. सुरक्षा अधिकारी नेमण्याची कारखान्यांसाठीची कामगारसंख्या पूर्वी एक हजार होती, ती आता पाचशे आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी अडीचशे अशी आहे. हे सारे पाठ असू द्या, पण स्लाइडवर घालू नका. विचारले तर दोन वाक्यांत उत्तर द्या.

आता मुख्य मुद्दा. सादरीकरण मागणाऱ्याला तुमचे वाचन तपासायचे नसते. त्यासाठी तुमचे प्रमाणपत्र त्याच्यासमोर असते. तुम्ही एखाद्या जागेकडे कसे पाहता, हे त्याला पाहायचे असते. म्हणून संपूर्ण गोदाम सोडून द्या आणि एकच जागा, एकच काम निवडा. माझी शिफारस लोडिंग डॉकची, म्हणजे ट्रक लावून माल चढवण्या-उतरवण्याच्या उंच ओट्याची आहे, आणि त्यातही ट्रक मागे येऊन डॉकला लागण्यापासून भरून निघून जाण्यापर्यंतच्या वेळेची.

त्या वेळात काय घडते ते डोळ्यांसमोर आणा. ट्रक रिव्हर्स घेतो. क्लीनर खाली उतरून मागे उभा राहतो आणि "आने दो, आने दो" म्हणत हात हलवतो, पण तो चालकाच्या आरशात प्रत्येक क्षणी दिसतोच असे नाही. ट्रक डॉकला लागतो आणि फोर्कलिफ्ट (माल उचलणारी छोटी गाडी) पॅलेट, म्हणजे माल रचलेली फळी, घेऊन ट्रकच्या आत शिरते. त्याच वेळी, काम संपले अशा समजुतीने किंवा गेटवरून कोणी घाई केल्यामुळे, चालकाने गाडी पुढे घेतली तर ट्रक आणि डॉक यांच्या मधल्या फटीत फोर्कलिफ्ट चालकासह खाली जाऊ शकते.

यावरचा पुस्तकी उपाय सर्वांना ठाऊक आहे: चाकाखाली ठोकळा लावावा, चावी डॉकच्या कार्यालयात जमा करावी, लाल-हिरवा दिवा बसवावा. बहुतेक उमेदवार येथे थांबतात. तुम्ही एक पायरी पुढे जाऊन ही पद्धत कोठे मोडते ते सांगा. दुपारी तीन वाजता, मे महिन्यात, रात्रभर गाडी चालवून आलेला चालक केबिनमध्येच झोपतो आणि त्याला पंखा हवा असतो, म्हणून तो चावी द्यायला तयार होत नाही. द्यावीच लागली तर दुसरी चावी खिशात ठेवतो. त्याला दटावून हा प्रश्न सुटणार नाही. डॉकजवळ सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि पंख्याखाली बसायला बाक असेल, तर तो स्वतः केबिनमधून उतरेल आणि चावीही देईल. आधी धोकाच काढून टाकायचा, ते जमत नसेल तर कमी धोक्याचा पर्याय शोधायचा, मग यांत्रिक अडथळा, त्यानंतर नियम व प्रशिक्षण आणि सर्वांत शेवटी हेल्मेट व बूट, हा उपायांचा क्रम तुम्ही पदविकेत शिकलाच आहात. क्लीनरने ट्रकच्या मागे उभे राहण्याची गरजच पडू नये, अशी मार्गदर्शक पट्टी आणि आरसे बसवणे हे या क्रमात कोठे येते आणि चमकदार जॅकेट कोठे येते, ते याच उदाहरणावर दाखवा. उपायांच्या या क्रमाचा वेगळा तक्ता लागणार नाही.

आणि येथे मला तुमच्या पत्रातील एका वाक्याचे नवल वाटते. वडिलांचे सगळे आयुष्य मालाच्या चढउतारीत गेले, आणि तेहतीस स्लाइडमध्ये ते कोठेही नाहीत! भावनिक प्रस्तावना करा असे मी म्हणत नाही. तसे अजिबात करू नका. मात्र आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा की माथाडींच्या टोळीतील माणसे ट्रकच्या मागून का जातात, मुकादमाचे कोणते सांगणे ऐकले जाते आणि कोणते नाही, वाराई (चढउतारीची मजुरी) नगावर असेल तर हात किती वेगाने चालतात. याची उत्तरे पदविकेच्या पुस्तकात सापडणार नाहीत, आणि "टोळीने तुमचे ऐकले नाही तर काय कराल?" हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणार, असे मी जवळजवळ खात्रीने सांगतो.

स्लाइड पाच पुरेत: डॉकचा हाताने काढलेला आराखडा, धोक्याचा क्षण, उपाय, उपाय कोठे मोडेल, आणि पहिल्या महिन्यात तुम्ही काय कराल. अपघाताची छायाचित्रे पूर्णपणे काढून टाका. मी बसलेल्या एका सराव मुलाखतीत उमेदवाराने पहिलीच स्लाइड तशी लावली होती. पुढची चार मिनिटे तो काय बोलला ते कोणीही ऐकले नाही. आराखडा मात्र खरा वाटायला हवा. त्यासाठी आदल्या दिवशी बेलापूरहून मेट्रोने पेंधरला उतरा, रिक्षाने त्या गोदामापर्यंत जा आणि सार्वजनिक रस्त्यावरून अर्धा तास पाहा: ट्रक कोठे थांबतात, पायी येणारी माणसे कोणत्या गेटने आत जातात. फोटो काढू नका.

भाषेविषयी एचआरला फोनवर सरळ विचारा. स्लाइडवरचे मोजके शब्द इंग्रजीत ठेवा आणि बोलणे पॅनेलच्या भाषेत करा. मात्र एक मिनिट राखून ठेवा आणि त्यात, समोर ट्रकचालक उभा आहे असे समजून, त्याला चावी का द्यायची ते हिंदीत समजावून दाखवा. तळोज्यात ट्रक अनेक राज्यांतून येतात आणि तुमच्या नोकरीचा मोठा भाग हेच बोलणे असणार आहे.

अनुभव फुगवू नका. "ट्रेनिंगमध्ये मी हे पाहिले, हे स्वतः केले नाही" असे म्हणणाऱ्या उमेदवारावर पॅनेलचा विश्वास बसतो. अपघात वारंवारता दराचे गणित विचारतील, तेव्हा तोंडी उदाहरण तयार ठेवा: पाच लाख मनुष्यतासांत कामाचे दिवस बुडवणारे दोन अपघात झाले, तर दर दहा लाख तासांमागे चार. रात्रपाळीविषयीही विचारतील. संहितेनुसार स्त्रियांना सायंकाळी सातनंतर आणि सकाळी सहापूर्वी काम देता येते, पण त्यांच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटी पाळून. म्हणून नुसते "चालेल" म्हणण्याऐवजी घरापर्यंतच्या वाहनाची व्यवस्था काय आहे, हे तुम्हीच विचारा.

सराव घड्याळ लावून वडिलांसमोर करा, आणि त्यांनी "असे होत नाही" म्हणून जेथे अडवले तेथे स्लाइड बदला. सादरीकरण पेनड्राइव्हवर आणि ईमेलवर, दोन्हीकडे ठेवा. शिवाय आराखड्याच्या चार छापील प्रती सोबत न्या, म्हणजे प्रोजेक्टर चालला नाही तरी तो कागद टेबलावर पसरून बोलता येईल.