कण्हेरीवरचं ‘सोनं’: दरवर्षीचे तेच प्रश्न

पाऊस ओसरू लागला की मला एकच फोटो वीस जणांकडून येतो. कण्हेरीच्या पानाखाली उलटा लटकलेला, कानातल्या झुंबरासारखा चकचकीत कोष. हा हबशी, म्हणजे ‘कॉमन क्रो’ फुलपाखराचा. निम्म्या शंका त्याच असतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

प्रश्न : कोषात खरं सोनं असतं का? तिजोरीत ठेवला तर बरकत येते, असं एका व्हिडिओत पाहिलं.

नाही. आणि तिजोरीत तो मरेल.

प्रश्न : मग ही चमक येते कुठून?

आधी एक घोटाळा दूर करू. आपण रेशमाच्या किड्याच्या धाग्याच्या वेष्टणालाही कोष म्हणतो आणि यालाही. इथे वेष्टण नाहीच. दिसते ती प्राण्याची स्वतःची त्वचा. तिच्यात शेकडो अतिपातळ थर असतात, एकाआड एक दाट आणि पाणीदार, प्रत्येक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. साबणाच्या फुग्यावर रंग उमटतात तसा या थरांवरून प्रकाश परततो. फरक इतकाच, की थरांची जाडी सारखी नसते, त्यामुळे अनेक रंग एकदम परततात आणि डोळ्याला ते सोनं किंवा चांदी वाटतं. पहिल्या दिवशी कोष फिकट असतो, चमक नंतर चढते. जवळून पाहा, त्यात तुमचा मोबाइल धरलेला हातही दिसेल.

प्रश्न : आमचा कोष काळा पडलाय. मेला का?

काळेपणा दोन तऱ्हेचा. चमक जाऊन आतून पंखांवरचे पांढरे ठिपके दिसू लागले असतील, तर फुलपाखरू एखाद्या दिवसात बाहेर येईल. हात लावू नका. कोष मऊ पडलाय, वास मारतोय किंवा त्याला भोक आहे, तर तो गेला. बहुधा आत परजीवी माशी किंवा गांधीलमाशीच्या जातीतल्या एखाद्या किड्याची अळी वाढली. फोटोवरून नेहमीच सांगता येत नाही, जवळच्या जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा. आणि पहिल्या दिवशीच. आठवडाभर ‘बघू’ म्हणून मग विचारलंत तर मी काय सांगणार?

प्रश्न : रेझिनमध्ये बसवलेला ‘अस्सल सोनेरी कोष’ लॉकेट म्हणून ऑनलाइन मिळतो. ‘रिकामा, नैसर्गिक’ असं लिहिलंय. घेऊ का?

घेऊ नका, आणि आता थोडं ऐका. फुलपाखरू बाहेर पडल्यावर उरतं ते कवच पारदर्शक, कांद्याच्या पापुद्र्यासारखं, बिनरंगी असतं. चमक थरांतल्या पाण्यावर उभी आहे. त्वचा वाळली की ती जाते. माझ्या टेबलावर अशी सात-आठ कवचं काचेच्या बशीत पडलेली आहेत, पाहुण्यांना सांगितल्याशिवाय ती कशाची हे कळत नाही. तेव्हा लॉकेटमधलं सोनं एक तर रंगवलेलं आहे, किंवा जिवंत कोष रेझिनमध्ये बुडवलेला आहे. दोन्हीकडे ‘रिकामा, नैसर्गिक’ हे खोटंच. विक्रेत्याला विचारलं तर तो ‘शेतावर वाढवलेले’ म्हणतो. कुठलं शेत, ते सांगत नाही. वन्यजीव विकण्याचे कायदे आहेत, कोणता किडा कुठे बसतो हे वन विभागात विचारा, दुकानदाराला नव्हे.

प्रश्न : कोष फांदीवरून गळून पडला. फेव्हिक्विकने चिकटवू?

अजिबात नाही. शेंड्याच्या देठाला बारीक दोरा हलक्या हाताने बांधून उलटा टांगा, खाली पंख पसरायला चार बोटं जागा ठेवा. देठ तुटला असेल तर खडबडीत कापडावर आडवा ठेवून शेजारी काडी उभी करा, बाहेर आलेलं फुलपाखरू तिच्यावर चढेल. जमत नसेल तर आधी जाणकाराला फोन करा, प्रयोग नंतर.

प्रश्न : मुलाने कोष पाहताना कण्हेरीची पानं तोडली, एक चावलंही असावं.

कोष राहू दे. कण्हेर विषारी आहे. उलटीची किंवा चक्कर येण्याची वाट पाहू नका, आत्ताच डॉक्टरकडे जा आणि पान सोबत न्या.

प्रश्न : सुरवंटांनी कुंडीतली कण्हेर उघडी केली. औषध मारू?

नको. पानं परत फुटतात.