बॅकअप सर्व्हरची डिस्क गेली, कॅटलॉगही गेला, पण टेप शाबूत आहेत. डेटा परत मिळेल का?

हो, मिळेल, कॅटलॉग गेला म्हणून टेपवरचा डेटा जात नाही, फक्त कोणती फाइल कोणत्या टेपवर आहे ही नोंद हरवते. सगळ्यात आधी टेप राइट-प्रोटेक्ट करा, म्हणजे त्यांवर काही लिहिले जाणार नाही, कारण नव्याने बसवलेला सर्व्हर त्यांना कोऱ्या समजू शकतो. कॅटलॉगचा स्वतंत्र बॅकअप असेल तर तोच रिस्टोअर करा. नेटबॅकअप या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी डिझास्टर रिकव्हरी फाइल (कॅटलॉगचा बॅकअप कुठे आहे हे सांगणारी) वापरतात, ८.१ आवृत्तीपासून तिच्या जोडीला डिझास्टर रिकव्हरी पॅकेज असते आणि त्याला पासफ्रेजही (लांब पासवर्ड) असतो. हे सगळे गेलेल्या सर्व्हरवरच ठेवले असेल तर ठेवून न ठेवल्यासारखेच! कॅटलॉगचा बॅकअपच नसेल तर टेप वाचून नोंदी पुन्हा तयार कराव्या लागतात: बॅक्युला या दुसऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरात 'बीस्कॅन', नेटबॅकअपमध्ये दोन टप्प्यांचा इम्पोर्ट. काम रटाळ आहे. टेप बऱ्याच असतील तर कित्येक दिवस जातात, म्हणून तातडीच्या सर्व्हरच्या टेप आधी घ्या. हे सगळे एका अटीवर: टेप एन्क्रिप्टेड असतील आणि किल्ल्याही सर्व्हरबरोबर गेल्या असतील, तर स्कॅन करून काही हाती लागणार नाही. नेटबॅकअपची केएमएस (किल्ल्या सांभाळणारी सेवा) वापरत असाल तर मूळ सेटिंगमध्ये किल्ल्या कॅटलॉग बॅकअपमध्ये येत नाहीत, त्यांची प्रत वेगळी काढावी लागते.