जुन्या डिझेल पिकअपचं ॲव्हरेज पडलंय, पंप-नोझल करून घ्यावं का?

नका करू. निदान सगळ्यात आधी तरी नका करू.

तुम्ही लिहिलंय की गाडी पंधराएक वर्षं जुनी, पूर्वी लिटरला १२-१३ द्यायची, आता १० च्या वर जात नाही, इंजिनाची बाकी काही तक्रार नाही, आणि फिटर म्हणतोय पंप (इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा) उतरवून बेंचवर, म्हणजे तपासणीच्या यंत्रावर, लावू. फिटर असं म्हणणारच. डिझेल गाडीचं ॲव्हरेज पडलं की पंप, हे उत्तर तयारच असतं. ते साफ खोटं नसतं म्हणून खपतंही. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलची स्प्रिंग ढिली पडते, मग ते ठरलेल्या दाबाच्या आधीच उघडतं आणि फवारा मारायच्या ऐवजी थेंब टाकायला लागतं. पण तसं झालं की गाडी सांगते. ओझं घेऊन चढाला काळा धूर ओकते, आवाज कडक येतो, आयडलला हलते. तुम्ही धुराबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणजे धूर नाही असं धरतो. धूर नसताना पंप उतरवणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

हे एवढ्या तावातावाने लिहितोय त्याला कारण आमचे दाजी.

माझी पिकअप मूळची त्यांची. नंतर दोघांच्या कामाला फिरायची, आता माझ्याकडे आहे. जुनं मेकॅनिकल पंपाचं इंजिन. एका उन्हाळ्यात भरलेली गाडी चढाला तापायला लागली. दाजींच्या फिटरने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह, काढला आणि फेकून दिला. 'हा व्हॉल्व्ह थंडीतल्या गाड्यांना लागतो, नसला तरी चालतं.' गाडी तापायची थांबली, दाजी खूश, फिटर देवमाणूस.

त्यानंतर ॲव्हरेज घसरत गेलं. दाजींच्या संशयाचा क्रम असा: आधी डिझेल भरणारा चोर, मग माझा पाय जड, मग नोझल. नोझल उतरली, दाब लावून आली. तेवढ्याने भागेना म्हणून पंप बेंचवर गेला, सील बदलली, कॅलिब्रेशन झालं. बिल दोघांनी निम्मं निम्मं भरलं. फरक एकोणीस-वीस.

मी म्हणत होतो, "दाजी, तापमानाचा काटा बघा ना. सरळ रस्त्याला पाव भागाच्या वर येतच नाही."

"काटा खाली आहे म्हणजे इंजिन सुखात आहे. तुला काय तापलेली गाडी हवी आहे का?"

हो, तापलेलीच हवी. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो, तोपर्यंत रेडिएटरकडे पाणी जाऊ देत नाही. तो नसला तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, आणि वेगात समोरून वारा लागतो तेव्हा इंजिन कधी धड तापतच नाही. डिझेल इंजिनाला प्लगची ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर डिझेल पेटतं. सिलिंडरच्या भिंती गार असल्या की त्यातली उष्णता भिंतीच खातात, डिझेल उशिरा पेटतं, नीट जळत नाही. वर ऑइल घट्ट, म्हणजे तेवढंच इंजिन फिरवायला जास्त जोर. न जळलेलं डिझेल रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरतं ते निराळंच. इलेक्ट्रॉनिक गाडी असेल तर आणखी मजा: कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे, आणि तो गार इंजिनाच्या हिशेबाने डिझेल देत राहतो. काही इंजिनांत तर हाच थर्मोस्टॅट तापल्यावर बायपासची, म्हणजे रेडिएटरला वळसा घालणारी, वाट बंद करतो. तिथे तो काढला की पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनात जातं, आणि गाडी गार राहायच्या ऐवजी जास्त तापते.

शेवटी मी दाजींना न विचारता नवा थर्मोस्टॅट बसवला. पुढच्याच चढाला गाडी तापली. दाजींचा चेहरा बघण्यासारखा होता, इतका आनंद मी त्यांना क्वचित झालेला पाहिलाय. पण तापणं हेच तर मूळ दुखणं होतं! रेडिएटर खोलला तर निम्म्या नळ्या गाळाने बंद. व्हॉल्व्ह काढून तेच झाकलं होतं. रेडिएटर साफ करून घेतला, साध्या पाण्याऐवजी कूलंट भरलं. त्यानंतर काटा मध्यावर जाऊन बसतो आणि चढ असो, सपाटी असो, तिथून हलत नाही. ॲव्हरेज जवळपास जुन्या जागी आलं.

दाजी म्हणाले, "पंप केला होता ना, तो आता सेट झाला." केलेला पंप सेट व्हायला इतके महिने घेतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. अजूनही चार माणसांत गाडीचा विषय निघाला की ते हेच सांगतात, आणि लोक माना डोलावतात.

तेव्हा तुम्ही आधी काटा बघा. अर्धा तास सलग चालवूनही तो मध्याच्या बराच खाली राहत असेल, हीटर कोमट फुंकत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा कुणीतरी आधीच काढलाय. जुनी गाडी हातोहात फिरलेली असेल तर दुसरी शक्यता जास्त. त्याचबरोबर पंखाही बघा. गरजेपुरताच पंखा जोरात फिरवणारा व्हिस्कस क्लच जाम झाला किंवा कुणी जुगाड करून पंखा थेट बसवला असेल, तर तो गरज नसताना पूर्ण जोराने फिरतो आणि इंजिनाचा जोर खातो. प्रत्येक गिअरला ढणढण वाऱ्याचा आवाज येत असेल तर तेच.

दुसरं, चाकं. याला काही खर्च नाही. पंधरा-वीस किलोमीटर कमीत कमी ब्रेक मारत जा, थांबल्यावर प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्या. टेकवू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर ब्रेक धरतोय: कॅलिपरच्या पिना जाम, नाहीतर मागच्या ड्रमला हँडब्रेकची केबल अडकलेली. जॅकवर घेऊन हाताने फिरवलं की लगेच कळतं. हवा गाडी थंड असताना तपासा, आणि मागच्या टायरचा आकडा ओझ्यानुसार वेगळा असतो हे फिटरला नाही, दारावरच्या पट्टीला विचारा.

आणि टायर मोठे टाकलेत का? मूळ मापापेक्षा ५ टक्के घेर जास्त असेल तर मीटर तेवढंच कमी दाखवतं, म्हणजे ॲव्हरेज न पडताच पडलेलं दिसतं. मोजता कसं हाही प्रश्नच आहे. टाकी फुल्ल ते फुल्ल, हे सगळ्यांना माहीत असतं, पण डिझेलला फेस येतो आणि डिझेल भरायचं नोझल कधी आधी बंद होतं, कधी नंतर. ४० लिटरमागे २ लिटरचा घोळ म्हणजे ५ टक्के. तेव्हा एका टाकीवर निष्कर्ष काढू नका, तीन-चार टाक्यांची बेरीज करा.

एअर फिल्टर स्वस्त आहे, बदला. इंटरकूलर असेल तर त्याचे होज हाताने चाचपून बघा. चिरलेल्या होजमधून टर्बोची हवा फुस्स होते, आणि तिथे तेलकट काळा डाग दिसतो. टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट) कधी सेट केले होते आठवत नसेल तर तेही करून घ्या. इंधनाच्या नळीवर बसवायचं चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या वगैरे विकत घेऊ नका. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून जास्त उपकरणं तपासली आहेत, त्यातल्या फार थोड्यांचा काही फायदा दिसला आणि तोही किरकोळ. रॉकेल मिसळायचा सल्ला कुणी दिला तर त्याला गाडीजवळ येऊ देऊ नका, पंपाचं वंगण डिझेलच असतं.

चालवण्याबद्दल दोनच गोष्टी, कारण दोन्हींवर दाजींशी वाद आहे. एक, उताराला न्यूट्रल. गिअरमध्ये पाय काढून गाडी उतरत असेल तेव्हा चाकं इंजिनाला फिरवतात आणि पंप डिझेल तोडतो, जुना गव्हर्नरवाला (कॉम्प्युटरशिवाय यांत्रिकपणे डिझेल कमी-जास्त करणारा) पंपसुद्धा. न्यूट्रलला मात्र आयडलचं डिझेल जळतच राहतं. म्हणजे बचत काही नाही, वर सगळा भार ब्रेकवर, आणि भरलेली गाडी असेल तर ब्रेक तापून निकामी. दोन, हौद्याचा मागचा फाळका उघडा ठेवून चालवणं. वारा आरपार जाईल हा समज चुकीचा आहे. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा बसतो आणि वरचा वारा त्याच्यावरून सरकून जातो. उघडला तर तोच भोवरा मोडतो. त्यापेक्षा रिकामं कॅरिअर उतरवा आणि वेग कमी करा. ८० वरून १०० ला गेलं की वाऱ्याचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि पिकअपचं तोंड काही विमानाचं नाही.

आता पंपाकडे. हे सगळं करून फरक पडला नाही, किंवा काळा धूर आहे, तर नोझल जरूर तपासा, मग टायमिंग, आणि पंप शेवटी. टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ, मागे पडलं असेल तर गाडी सुस्त होते, थंडीत पांढरा धूर काढते, आणि ते गाडीवरच डायल गेज लावून बघता येतं. निळा धूर असेल, ऑइलचं झाकण उघडल्यावर वाफेच्या इंजिनासारखा दम बाहेर येत असेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, आधी मोजा. तिथे थर्मोस्टॅट काय आणि पंप काय, दोन्ही बिचारे निर्दोष.

एक सांगायला हवं. माझा रेडिएटर साफ केला त्याच सुमारास मागचं एक चाक धरत होतं, तेही मोकळं केलं होतं. त्यामुळे वाढलेल्या ॲव्हरेजमधला किती वाटा कशाचा, हे मला वेगळं करून दाखवता येणार नाही. दाजींना हे सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पंपाचा नव्हता एवढं नक्की.

आणि तुमची गाडी कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारे इंजेक्टर असलेली नवी पद्धत) असेल तर पंपाबद्दलचं माझं निम्मं बोलणं सोडून द्या. तिथे आधी स्कॅनर लावा, मग इंजेक्टरचं रिटर्न, म्हणजे त्यातून परत येणारं डिझेल, मोजायला सांगा. बाटल्या लावून गाडीवरच होतं, काही उतरवावं लागत नाही. दाजींना हेही मान्य नाही.