पासिंगची सुपरमोटो

म्युनिकहून एका बाईंचा प्रश्न आला आहे. बाई मूळच्या कोल्हापूरच्या. मुलानं तिकडं नवी गाडी घेतली, तिच्यावर त्या तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी लिहायला बसल्या आणि पहिल्याच वाक्याला अडल्या. वाक्य असं: ‘रस्तावैध सुपरमोटोंचे अपील तरुणांमध्ये वाढत आहे.’ ‘स्ट्रीट-लीगल’साठी, म्हणजे रस्त्यावर चालवायची परवानगी असलेल्या गाडीसाठी, ‘रस्तावैध’ हा शब्द त्यांना मैत्रिणीनं सुचवलाय. तो चालेल का, ‘अपील’ला काय म्हणू, आणि सुपरमोटो तो, ती की ते, असं त्यांनी विचारलंय.

शब्दांकडं वळण्याआधी गाडी बघून घेऊ. चिखलमातीत उड्या मारणारी मोटोक्रॉसची गाडी डोळ्यांसमोर आणा. तिची पुढची रिंग २१ इंची, मागची १८ किंवा १९, टायर गुठळ्यागुठळ्यांचे. ती चाकं काढायची, दोन्हीकडं १७ इंची रिंगा बसवायच्या, त्यांवर डांबरी रस्त्याचे रुंद टायर चढवायचे, पुढं मोठी डिस्क लावायची, शॉकअप जरा कडक करायचे. झाली सुपरमोटो. उंच, सडपातळ, वजनाला हलकी, आणि हँडल चांगलं ऐसपैस. धड मातीतली नाही, धड रस्त्यावरच्या शर्यतीतली नाही.

तिचा जन्मही असाच दोन घरांच्या उंबऱ्यावर झाला. १९७९ साली कॅलिफोर्नियात कार्ल्सबादच्या ट्रॅकवर एबीसी या दूरचित्रवाहिनीच्या क्रीडा कार्यक्रमासाठी एक शर्यत भरवली गेली. कल्पना गॅव्हिन ट्रिप या पत्रकार-आयोजकाची. डांबरावर पळवणारा, मातीच्या गोल ट्रॅकवर गाडी घसरवणारा आणि टेकाडांवरून उड्या मारणारा, यांच्यातला अस्सल स्वार कोण, हे ठरवायला त्यानं तिघांनाही एकाच ट्रॅकवर आणलं. थोडं डांबर, थोडी माती, थोड्या उड्या. शर्यतीचं नाव ‘सुपरबायकर्स’. १९८५ नंतर अमेरिकेत हे खूळ ओसरलं, पण तोवर ते युरोपात, त्यातही फ्रान्समध्ये, रुजलं होतं. २००२ पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही सुरू झाली.

फ्रेंचांनी याला ‘सुपरमोटार्ड’ म्हटलं, आणि इथं शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला खरी मेजवानी आहे. फ्रेंचमध्ये ‘मोतार’ म्हणजे मोटरसायकलवाला. शेवटचा ‘ड’ लिहायचा, बोलायचा नाही, त्यामुळं शब्द ऐकताना थेट आपल्या ‘मोटार’सारखा वाटतो. त्यातला ‘आर्ड’ हा प्रत्यय मात्र जरा खोडकर. फ्रेंचमध्ये तो बरेचदा नावं ठेवायला लागतो: ‘बावार’ म्हणजे बडबड्या, ‘शोफार’ म्हणजे बेफाम गाडी हाकणारा. आपल्याकडं हे काम ‘बाज’ आणि ‘खोर’ करतात. तेव्हा ‘मोतार’चं चोख मराठी करायचंच झालं तर मी ‘फटफटीबाज’ म्हणेन.

आणि ‘सुपर’? लॅटिन ‘सुपर’, ग्रीक ‘हुपेर’ आणि संस्कृत ‘उपरि’ ही सख्खी भावंडं. डुकाटीनं २००७ मध्ये दोन सिलिंडरची ‘हायपरमोटार्ड’ बाजारात आणली तेव्हा सुपरच्या वर काहीतरी आणल्याचा आव होता. व्युत्पत्ती बघितली तर दोन्हींचा अर्थ ‘वर’, आणि आपलं ‘वर’सुद्धा ‘उपरि’चंच लेकरू. ‘वरचढ’ हा शब्द सुपरची सगळी कामं करू शकतो. पण गाडीचं नाव विशेषनामासारखं असतं, त्याचं भाषांतर करू नये. सुपरमोटो ही सुपरमोटोच राहू द्या.

आता खरा प्रश्न. ‘रस्तावैध’.

रस्ता फारसी आणि वैध संस्कृत, ही जोडी जमत नाही म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्याला ‘जिल्हाधिकारी’ दाखवा. जिल्हा अरबी, अधिकारी संस्कृत, आणि त्यांचा संसार सुखाचा चाललाय. माझी तक्रार वेगळी आहे. ‘वैध’ हा शब्द आपण कागदाला लावतो. मत वैध असतं, तिकीट वैध असतं, पारपत्र अमुक तारखेपर्यंत वैध असतं. आणि ‘अवैध’ म्हटलं की वाळूउपसा, गावठी दारू आणि वडाप आठवते. त्यामुळं ‘रस्तावैध सुपरमोटो’ वाचताना गाडी दिसतच नाही, पोलीस ठाण्याचं प्रसिद्धिपत्रक दिसतं. ‘कायदेशीर सुपरमोटो’नंही भागत नाही. त्यातून एवढंच कळतं की गाडी चोरीची नाही. ‘रस्त्यालायक’ म्हणावं तर अर्थच सरकतो. लायक ती, जिचे ब्रेक-टायर धड आहेत. ब्रेक घासून संपलेली गाडीही कागदोपत्री स्ट्रीट-लीगल असू शकते.

‘स्ट्रीट-लीगल’ या विशेषणाची एक खोड आहे. इंग्रजीत आपल्या साध्या स्कूटरला किंवा घरच्या मोटारीला कुणी स्ट्रीट-लीगल म्हणत नाही. जिच्याविषयी शंका घ्यायला जागा आहे, तिलाच ते लागतं. आपण गाईला ‘माणसाळलेली गाय’ म्हणत नाही, हत्तीला मात्र माणसाळलेला म्हणतो, कारण तो मूळचा रानातला आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. ‘माणसाळलेला’ म्हणताना त्याचं रानटीपण पुसलं जात नाही, उलट त्याची आठवण राहते. स्ट्रीट-लीगलही तसंच. ही गाडी मुळात शर्यतीची, पण हिला रस्त्यावर यायला परवानगी मिळाली आहे, असं ते एका दमात सांगतं. शर्यतीच्या खोंडाला बाजाराच्या गाडीला जुंपल्यासारखं. सुपरमोटोच्या मोहाचं निम्मं कारण या एका विशेषणात आहे, म्हणून ते कोरडं करून चालणार नाही.

आणि त्यासाठी आपल्याकडं झकास शब्द पडलेला आहे: पासिंग.

‘गाडी कुठली पासिंग?’ ‘एम.एच. ०९.’ हा संवाद बाईंनी लहानपणापासून हजारदा ऐकला असेल. शब्द दिसायला इंग्रजी, पण या अर्थानं तो पक्का इथला. इंग्रज माणसाला ‘पासिंग’ म्हटलं तर तो बहुधा कोण वारलं म्हणून विचारील. आपण त्यातून किती अर्थ काढलेत बघा. नोंदणी कुठल्या कार्यालयाची, ते पासिंग. ट्रक ठरावीक मुदतीनं तपासणीला न्यायचा, तेही पासिंग. सरकारी मराठीत त्या कागदाला ‘योग्यता प्रमाणपत्र’ म्हणतात, पण ट्रकवाला कधी म्हणत नाही. टेम्पो किती टन माल भरू शकतो, त्यालाही ‘किती टन पासिंग?’ असंच विचारतात. समोरच्याला दिवा मारून इशारा द्यायचा, तोसुद्धा पासिंग लाईट. सगळ्यांत मिळून भाव एकच, की कुणीतरी बघितलं, तपासलं आणि ‘जा’ म्हटलं.

बाई राहतात तिथली भाषाही हेच करते. जर्मनमध्ये अशा गाडीला ‘श्ट्रासेन-त्सुलासुंग’ असते. ‘त्सुलासेन’ म्हणजे आत येऊ देणं, मुभा देणं. आणि बोलताना तर लोक ‘गाडीला ट्यूफ आहे’ एवढंच म्हणतात. ट्यूफ ही तपासणी संस्थांची आद्याक्षरं, पण वापर थेट आपल्या पासिंगसारखा. फ्रेंच आणि इटालियन लोक ‘होमोलोगे’, ‘ओमोलोगाता’ म्हणतात. त्याच्या मुळाशी ग्रीक शब्द आहे, अर्थ ‘एकमतानं बोलणं’, आणि त्यातला ‘होमो’ हा आपल्या ‘सम’चा भाऊ. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत नव्या गाड्यांचं जे होमोलोगेशन चालतं, तो हाच शब्द. टेकडीवर फिरायला जाणाऱ्या पुणेकरांच्या तोंडी ‘एआरएआय टेकडी’ असते, होमोलोगेशन मात्र गाड्यांच्या धंद्यातल्यांपुरतंच राहिलं. पासिंग गल्लीपर्यंत पोचलं.

फरक किती काटेकोर आहे ते बघायचं तर हस्क्वार्ना कंपनीच्या दोन गाड्या घ्या. एफएस ४५० ही निव्वळ शर्यतीची सुपरमोटो. ट्रेलरवर घालून ट्रॅकपर्यंत न्यायची, तिथं पळवायची, परत ट्रेलरवर चढवायची. ७०१ सुपरमोटो मात्र दिवे-आरसे-नंबरप्लेटसकट, घराच्या दारातून निघणारी. चुलत बहिणीच त्या, पण एक बिनपासिंगची आणि एक पासिंगची. ‘बिनपासिंगची’ हाही सोयीचा शब्द आपोआप मिळाला. ‘अरस्तावैध’ म्हणून बघा.

आपल्याकडं पासिंग म्हणजे काय काय, हेही जाता जाता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक जागी चालवायला बंदी आहे, आणि कंपनीनं दिलेल्या मूळ बांधणीत परस्पर बदल करायलाही, ते कलम ५२. हीरोच्या एक्सपल्सची २१ आणि १८ इंची चाकं काढून १७ इंची बसवणारे हौशी आहेत. त्यांनी हे कलम एकदा वाचावं. १२५ सीसीच्या वरच्या गाडीला एबीएस लागतं. आणि मागच्या चाकाला साडी गार्ड. मिलानच्या प्रदर्शनात मिरवलेल्या गाडीला आपल्या रस्त्यावर येताना साडी गार्ड लावावं लागतं, ही मला भाषांतराची सगळ्यांत सुंदर व्याख्या वाटते. असो.

आता ‘अपील’. मराठीत अपील कोर्टात करतात किंवा पायचीतसाठी पंचाकडं. ‘सुपरमोटोंचे अपील वाढत आहे’ वाचून प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यासारखं वाटतं. ‘आकर्षण’ चुकीचं नाही, पण जाहिरातींनी त्याचा चोथा केलाय. ‘भुरळ’ पडते आणि उतरते. ती शोरूमच्या काचेपुरती ठीक. ‘ओढ’ लागते ती दूर राहिलेल्या गोष्टीची, माहेराची, गावाची. ‘हौस’ फिटते. एकदा फिटली की माणूस मोकळा.

सुपरमोटोचं तसं नाही. ही गाडी शहाण्या माणसानं घ्यावी असं तिच्यात फारसं काही नाही. केटीएमची ६९० एसएमसी आर घ्या, २०१९ च्या मॉडेलची. सीटची उंची ८९० मिलिमीटर, म्हणजे सिग्नलला थांबलं की बऱ्याच जणांना टाचा उचलूनच उभं राहावं लागतं. सीट फळीसारखी अरुंद. टाकी साडेतेरा लिटरची. वारा अडवायला पुढं काही नाही, त्यामुळं ऑटोबानवर छातीशी झुंज. मागं कुणाला बसवायचं म्हटलं तर ते माणूस एकदाच बसतं. आणि तरीही: सिलिंडर एक, ताकद ७४ अश्वशक्ती, वजन पेट्रोल न भरता १४७ किलो. शेजारी आपली रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० ठेवा, वजन पेट्रोलसकट १९५ किलो आणि ताकद वीसच्या आसपास. म्हणजे मूठ जराशी पिळली की काय होत असेल बघा. शिवाय मजा यायला वेग दीडशेवर न्यावा लागत नाही. म्युनिकपासून आल्प्सचे घाट फार लांब नाहीत. तिथल्या एकामागून एक वळणांत, ताठ बसून, रुंद हँडल नुसतं ढकलून गाडी झोपवायची, यात साठच्या वेगालाही अंगावर काटा येतो म्हणतात. वळणात शिरताना आतला पाय पुढं टाकायचा आणि मागचं चाक मुद्दाम घसरवत आणायचं, हे तर या खेळाचं खास लेणं. ते ट्रॅकवरच बरं, हे मुलाला आईनं सांगायचं. मी शब्दांपुरता बोलतो.

तोटे सगळे माहीत, कुणाला सांगून पटत नाही, घरचे ओरडतात, आणि तरी सुटत नाही. याला मराठीत एकच शब्द: नाद. ‘कसला नाद लागलाय पोराला’ हे वाक्य आईच्या तोंडी जन्माला आलेलं आहे. कोल्हापूरच्या माणसाला तर ‘नाद खुळा’ शिकवायची गरज नाही. त्यात नाद म्हणजे आवाजही. एका मोठ्या सिलिंडरच्या इंजिनाचे ठोके इंग्रज कानाला ‘थंप’ ऐकू येतात म्हणून तो त्याला ‘थंपर’ म्हणतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या कानाला ते ‘फटफट’ ऐकू आले, म्हणून फटफटी. शौक करायला पैसे लागतात, वेड लागायला काहीच लागत नाही, नादाला मात्र काहीतरी कानावर पडावं लागतं.

हा नाद बाईंनी गावी असतानाही पाहिलाय, फक्त नाव वेगळं होतं. केटीएमनं १९९४ मध्ये जी पहिली ‘ड्यूक’ काढली ती ६०९ सीसीची, एका सिलिंडरची, सरळसरळ सुपरमोटोच्या वळणाची रस्त्यावरची गाडी. आता चाकणला बनणाऱ्या, पोरं गल्लीबोळांतून पिटाळतात त्या ड्यूक तिच्याच वंशातल्या. घराण्याची उंची गेली, आवाज थोडा राहिला.

राहिलं लिंग. टेम्पो, रेडिओ, फोटो, स्टुडिओ हे ओकारान्त पाहुणे मराठीत पुल्लिंगी झाले, म्हणून ‘तो सुपरमोटो’ म्हणावंसं वाटतं. पण वाहनांच्या नावांत शेवटच्या अक्षरापेक्षा मनातला ‘गाडी’ हा शब्द भारी ठरतो. ‘स्कॉर्पिओ घेतली’, ‘मेट्रो सुरू झाली’. तशी ‘सुपरमोटो घेतली’. खेळाबद्दल बोलताना मात्र ‘सुपरमोटो सुरू झाला’ असं तोंडात येईल आणि तेही बरोबर. अनेकवचनात रूप बदलत नाही, दोन सुपरमोटो. प्रत्यय लागताना अनुस्वार येतो, सुपरमोटोंचा.

तेव्हा बाईंच्या जागी मी असतो तर असं लिहिलं असतं: ‘पासिंगच्या सुपरमोटोंचा नाद पोरांना लागत चाललाय.’ आणि मुलाच्या गाडीला सिलिंडर एकच असेल तर शीर्षकात खुशाल ‘फटफटी’ घाला. दोन असतील तर आधी ऐकून बघा.