एलिझाबेथकालीन नाटकांतल्या स्त्रिया: सुरुवात कुठून कराल?

एलिझाबेथकालीन नाटकांतल्या स्त्रियांचा अभ्यास करायचा म्हणताय? विषय फार छान निवडलात. दहा पुस्तकं गोळा करू नका. आधी शेक्सपिअरचं ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ हे एकच नाटक त्यातल्या नायिकेवर, पोर्शियावर, नजर ठेवून वाचा. वडील वारलेत, तरी तिचा नवरा त्यांच्या मृत्युपत्रातल्या तीन पेट्या ठरवतात: जो बरोबर पेटी निवडेल, त्याच्याशीच लग्न. लग्न जमताच घर, नोकरचाकर, स्वतःलासुद्धा ती बसानियोच्या हवाली करते. यात नुसतं प्रेम नाही; लग्नानंतर बायकोची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जावी, हा तेव्हा इंग्लंडचा कायदाच होता. आणि मग हीच बाई कायदेपंडिताच्या वेषात भर कोर्टात पुरुषांना निरुत्तर करते! हा ताण तुम्हाला जाणवला की अर्धं काम झालं.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- इंग्लंडच्या गादीवर एलिझाबेथ राणी होती (१५५८–१६०३), म्हणजे बायका स्वतंत्र होत्या, असं धरून चालणं.
- पात्राचं बोलणं हेच नाटककाराचं मत समजणं.
- पोर्शियाचं काम मुलगाच करायचा, हे विसरणं. आपले बालगंधर्व आठवा.

त्यानंतर जेन अँगरची १५८९ची पुस्तिका वाचा. स्त्रीच्या नावाने छापलेली, स्त्रियांची बाजू घेऊन भांडणारी ती भाषा वाचताना मला आजही हुरूप येतो. सिद्धान्तांची जाडजूड पुस्तकं तूर्त राहू द्या.