पोटातला जंतू आणि रात्री नऊची गोळी

"मॅडम, पोटात जंतू निघालाय. म्हणजे आता माझी प्रतिकारशक्ती संपली ना?" एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीवर औषधोपचार देणाऱ्या केंद्रातल्या, माझ्या टेबलासमोर हा प्रश्न या ना त्या शब्दांत नेहमी येतो. एका ताईंनी तो विचारला, तेव्हा त्यांनी भीतीपोटी काय करून ठेवले आहे हेही बोलता बोलता उघड झाले. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून ती हकीकत सांगते.

ताई सहा वर्षांपासून एआरटी घेत होत्या. टीएलडीची, म्हणजे एचआयव्हीवरची तीन औषधे एकत्र असलेली, एकच गोळी, रोज रात्री नऊला, जेवणानंतर. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या तपासणीत विषाणू आढळत नव्हता. छातीखालची जळजळ आणि मळमळ दोन महिने थांबेना, म्हणून त्या खासगी डॉक्टरांकडे गेल्या. दुर्बिणीच्या तपासणीत जठराला सूज दिसली आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला. आम्ल कमी करणारे पॅन्टोप्राझोल आणि अमॉक्सिसिलीन व क्लॅरिथ्रोमायसीन ही दोन प्रतिजैविके असा चौदा दिवसांचा कोर्स आणि जळजळीसाठी रात्री जेवणानंतर घ्यायचे पातळ अँटासिड, असे औषध त्यांना मिळाले. एचआयव्हीबद्दल त्यांनी तेथे काहीच सांगितले नव्हते. एवढ्या गोळ्यांची उष्णता शरीराला सोसणार नाही, असे मनात धरून त्यांनी पाचव्या दिवशी टीएलडी बंद केली. माझ्याकडे आल्या तेव्हा तीन रात्री रिकाम्या गेल्या होत्या.

मी त्यांना रागावले नाही. रागावले असते तर चौथी रात्र रिकामी गेल्याचे त्यांनी मला सांगितले नसते.

आधी भीतीबद्दल बोललो. हा जंतू जगातील जवळजवळ निम्म्या लोकांच्या जठरात असतो आणि बहुतेकांना तो लहानपणी, घरातल्या माणसांकडून किंवा दूषित अन्नपाण्यातून लागतो. तो सापडणे हे एड्सचे लक्षण नाही. उलट, सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या, फार कमी असलेल्या रुग्णांत तो तुलनेने कमी आढळतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. वारंवार घेतलेली प्रतिजैविके हे तो कमी आढळण्याचे एक कारण मानले जाते. मात्र तो अंगावर काढण्यासारखाही नाही, कारण त्यातून अल्सर होऊ शकतो आणि जठराच्या कर्करोगाशी त्याचा संबंध १९९४ सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केला आहे.

मग आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सगळी पाकिटे टेबलावर मांडून पाहिली. कोर्समधल्या तिन्ही औषधांची टीएलडीशी अडचण नव्हती. अडचण होती ती त्या साध्या वाटणाऱ्या अँटासिडची. त्यातले ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम टीएलडीतल्या डोल्यूटेग्रॅवीरला पोटातच बांधून ठेवतात आणि औषध रक्तात पुरेसे उतरत नाही. म्हणून टीएलडी अँटासिडच्या निदान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी लागते. ताईंचे अँटासिड दुपारच्या जेवणानंतर गेले आणि टीएलडी त्याच रात्री नऊला पुन्हा सुरू झाली.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ताईंचा हिशेब सर्वांना लागू पडत नाही. ज्यांच्या उपचारात अटाझानावीर हे एचआयव्हीवरचे दुसरे औषध आहे, त्यांनी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी दुकानातून परस्पर आणू नये. पोटातले आम्ल कमी झाले की अटाझानावीर नीट शोषले जात नाही. त्याच्या सोबत दिले जाणारे रिटोनावीर हे औषध क्लॅरिथ्रोमायसीनचे रक्तातले प्रमाण वाढवते, म्हणून तेही डॉक्टरांना ठरवू द्यावे.

राहिला खासगी डॉक्टरांना सांगण्याचा प्रश्न. २०१७च्या कायद्याने एचआयव्हीची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे आणि उपचार नाकारता येत नाहीत, हे मी ताईंना सांगितले. सांगायचे की नाही, हा निर्णय त्यांच्यावर सोडला. आठवडाभर विचार करून त्या स्वतः गेल्या आणि टीएलडीचा डबा त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवला.

कोर्स पुरा झाल्यावर चार आठवडे थांबून, पॅन्टोप्राझोल दोन आठवडे आधी बंद करून, त्यांच्या शौचाची तपासणी झाली. जंतू गेला होता. व्हायरल लोडचा पुढचा अहवालही पूर्वीसारखाच आला. तो हातात घेऊन ताईंनी मला विचारले, "आता घरात मुलांनाही तपासायला लागेल का?" पोटाचा त्रास नसेल तर सहसा घाई नको, आणि त्या डॉक्टरांनाच हेही विचारा, असे मी सांगितले.